खानदेशी पाहुणचार

बंगळुरूच्या वसतिगृहात वांग्याचं भरीत संपलं आणि खानदेश मंडळाचे भांडी घासणारे गडी पसार झाले. भांडी तशीच राहिली, तर पुन्हा मेस मिळणार नव्हती.

सचिव प्रांजल खुर्चीवर चढला. "आमच्याकडे पाहुणा आपलं ताट स्वतः घासतो. फार जुनी प्रथा!"

बंगाली, तमिळ, पंजाबी पाहुणे भारावून नळावर गेले. रसायनशास्त्राच्या रेड्डी मॅडमही गेल्या. ताट घासताना त्या शेजारी आलेल्या प्रांजलला मराठीत पुटपुटल्या, "माझं माहेर जळगाव, बरं का!"

प्रांजल दाराकडे सरकू लागला.

"यानं प्रथा अर्धीच सांगितली," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. "पातेली सचिव एकटा घासतो. पाहुणे गोल बसून टाळ्या वाजवतात."

टाळ्या सुरू झाल्या.

"आणि गाणं?" कुणीतरी विचारलं.

"तेही सचिवच म्हणतो."