लाईट जायची वेळ

आबांना साप चावला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी फैजपूरच्या मळ्यात, मीच बनवलेल्या बोर्डापाशी बसले होते. लाईट आली की तो केळीची मोटर आपोआप सुरू करायचा. नवे प्रोग्रॅम लिहून घेणारा चिपमधला भागच मी पुसून नव्याने लिहीत होते.

"जुनं पुसलं अन् नवं अर्धंच उतरलं, तं?" आबांनी विचारलं. "लाईट जायची वेळ झाली, माय."

"मिनिटाचं काम आहे, आबा."

लाईट गेली. परत आल्यावर चिप काहीच लिहून घेईना, मोटरही आपोआप सुरू होईना.

घरी आबा म्हणाले, "माझाच पाय वायरीत अडकला." पहाटे मोटर लावायला ते स्वतः गेले.

आबांच्या दहाव्याला काका हळहळले, "भाऊनं स्वतःच बोर्ड बिघडवला."

"पाय अडकलाच नव्हता, काका. आबा थांब म्हणत होते. मी थांबले नाही."