बाहेरची पेंड

"न्हाय घेता येत, मावशी." डेअरीवरच्या युवराजनं साखरबाईची किटली झाकण न उघडताच मागं सरकवली.

"आरं, उघडून तर बघ! पाणी घातलंय का मी?"

"दूध चांगलंच हाय. पर तुमी पेंड बाहेरनं आणली. मालकांची पेंड न्हाय, तर दूध न्हाय. वरनं सांगितलंय."

साखरबाईचं डोकंच फिरलं. मालकांच्या दुकानातल्या पोत्यात निम्मी माती. म्हशीनं तोंड लावलं नाही, म्हणून तिनं लोणी देवकर गावात दिलेल्या लेकीकडून पोतं आणलं होतं. एकच! "म्हस माझी, आन् तिनं काय खावं ते मालक ठरवणार व्हय रं?"

रांगेतल्या कुणी मान वर केली नाही. सगळ्यांच्या हातात किटल्या होत्या.

ती तडक निघाली. जगात काय एकच डेअरी आहे! भर उन्हात चालत फाट्यावरच्या डेअरीवर गेली. पाटी वेगळी, रंग वेगळा. तिथल्या माणसानं नाव विचारलं, मोबाईलमध्ये बघितलं आणि तो ओशाळला. "आज्जी, ही बी त्याच मालकांची. औंदा घेतली."

"आन् इंदापूरच्या वाटंवरची?"

"ती बी."

घरी येईस्तोवर दूध नासलं. ते उकिरड्यावर ओतताना तिचा जीव तुटला. ती आणि तिची नात छकुली, दोघींचं पोट त्या एका म्हशीवर. पण संतापानं रडूही येईना.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. दूध काढून न्यायचं कुठं? साखरबाईनं रेडकाचं दावं सोडलं. रोज त्याला पान्हा फुटेपर्यंतच पाजायचं, मग ओढून खुंट्याला बांधायचं, ही रीत.

"जा माझ्या सोन्या, आज पोटभर पी. आज कुणी ओढणार न्हाय तुला."

रेडकू धावलं. ढुशा दिल्या. पान्हा फुटला, तोंडाला फेस आला, आणि त्यानं आचळ सोडलं.

"आरं, पी की!" तिनं त्याला पुढं ढकललं.

ते भुकेलं रेडकू वळलं. आपल्या पायांनी खुंट्यापाशी गेलं आणि मान खाली घालून उभं राहिलं.

आता मात्र साखरबाईला रडू फुटलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं नातीला हाक मारली.

"छकुले, जा, युवराजला सांगून ये. उद्यापासनं पेंड मालकांच्याच दुकानातनं आणते म्हणावं."