बिनआवाजाची बोली

आमच्या खानदेशच्या कानबाईची आण घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी मीच चावून खाईन.

उज्ज्वला मुलाखतीच्या खोलीत शिरली तेव्हा टेबलापलीकडे पाच जण होते. त्यांच्या डोक्यावर पंखा असा खडखडत होता की देवाचंही ऐकू येऊ नये. सहा वर्षं ती सुरतेतल्या त्याच विद्यापीठात तासावर शिकवत होती. आज कायमच्या प्राध्यापकीची मुलाखत. जागा एकच.

अध्यक्षसाहेब शेजारच्याकडे झुकून कुजबुजले. पंख्यात सगळं बुडालं. पण उज्ज्वला नवागामची, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतली. बाप चिंधा बमरोलीच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. लूमच्या कारखान्यात तोफ डागली तरी शेजारच्याला कळत नाही. तिथं माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. बापाचा डबा घेऊन जाणारी ही पोर पाढ्यांआधी ओठ वाचायला शिकली. पीएचडीसुद्धा त्याच बोलीवर केली. अहो, रस्त्यापलीकडचा वॉचमन फोनवर बायकोला काय थापा मारतो, तेही ती सांगेल!

तिनं साहेबांचे गुजराती ओठ वाचले. “माझ्या भाच्याचं नक्की छे. हिला दोन प्रश्न विचारा आणि वाटेला लावा.”

शेजारचा हसला. “लूमवाल्याची पोर. वर्गातही खटखटच करेल.”

मग साहेबांनी वर पाहिलं. “हां बेन, आपल्या संशोधनाविषयी सांगा.”

“सांगते की,” उज्ज्वला म्हणाली. “आधी त्या कागदावर लिहून घ्या, भाच्याचं नक्की आहे. मग लावा मला वाटेला. आणि खटखटीचं म्हणाल तर साहेब, माझ्या बापाची खटखट थांबली ना, तर उद्या या खुर्चीत उघडे बसाल.”

चार तोंडं उघडीच राहिली. एकाच्या तोंडात माशी शिरली, फिरून बाहेरही आली. पाचव्या होत्या बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञ बाई. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “यावर माझी सही होणार नाही.”

त्यांच्या सहीशिवाय निवड होत नाही. झाली नाही.

फाटकाबाहेर चिंधा उभा. त्याचे कान लूमनं कधीच खाल्लेले. लांबूनच त्यानं ओठ हलवले, “नोकरी भेटनी का?”

उज्ज्वलानंही लांबूनच सांगितलं, “मालेबी नही, भाचालेबी नही. परत फॉर्म भरसू!”

बरं, आण घेतलीय म्हणून एवढं एक कबूल करते. पंखा खडखडत नव्हता, आणि कुणी कुजबुजलंही नव्हतं. ती समोर बसलेली असताना, चांगलं मोठ्यानं बोलले होते ते. कुजबुजण्यापुरती लाज मी माझ्या पदरची घातली.