ईश्वरीनं काढलेलं चित्र

"कोपऱ्यातली सही पट्टीखाली गेली पाहिजे," सुमंगलाबाईंनी बजावलं.

फ्रेमवाल्या रामप्रसादनं पट्टी आत सरकवून दाखवली. चित्रात तळं होतं, तळ्यात कमळं, वर हिरवा कमानीचा पूल. जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागं सरलं की पाणी हलायला लागायचं. फ्रान्सच्या कुण्या थोर चित्रकाराची ही छापील नक्कल, मूळ चित्र करोडोंचं, असं रामप्रसाद सांगत होता. सुमंगलाबाईंना त्या थोराशी काही कर्तव्य नव्हतं. असलं दुसरं जिंतुरात कुणाकडं नाही ना, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं. जिंतुरातच काय, सगळ्या परभणी जिल्ह्यात न्हाई, असं म्हणत त्यानं शेजारच्या गणपतीच्या तसबिरीवर हात ठेवला.

चूक बायोडाटाची होती. त्यांची मुलगी ईश्वरी शाळेत गणित शिकवायची. छंदाचा रकाना मोकळा बरा दिसत नाही, म्हणून आईनं तिथं 'चित्रकला' लिहून टाकलं. वास्तविक ईश्वरीनं हत्ती काढला तर खाली 'हत्ती' असं लिहावं लागे. पण बघायचा कार्यक्रम असला, की मुलीच्या घरी भिंतीवर जे जे टांगलेलं असतं ते ते मुलीनंच केलेलं असतं, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे. दारावरचं तोरण, मोत्यांचा मोर, सगळं. त्यात एक चित्र काय जड होतं?

पाथरीच्या अथर्वचं आणि ईश्वरीचं फोनवर कधीच जमलं होतं. राहिल्या होत्या त्याच्या आई, केशरबाई. हाताला कला नाही, या एका कारणावरून त्यांनी आजवर नऊ मुली नापसंत केल्या होत्या. आता 'मुलीची चित्रं बघायला येतो' असा त्यांचा निरोप होता.

रविवारी मंडळी आली. केशरबाईंनी भिंतीकडं पाहिलं आणि पोह्यांचा घास हातातच राहिला. सुमंगलाबाईंनी संधी साधली. पोर सहा महिने खपली, एकेका कमळाला चार चार दिवस लागले, हे सांगताना त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत चालला. ईश्वरी जमिनीकडं बघत होती. ती लाजायलीय, असंही आईनं परस्पर जाहीर केलं.

तेवढ्यात मुलाचे वडील किशनराव उठले आणि चित्राला नाक लावून उभे राहिले.

"अगं, हे तर आपल्या बैठकीतलं," ते म्हणाले. "हाच पूल, हीच कमळं." मग सगळ्यांकडं वळून, छाती पुढं काढून म्हणाले, "लग्नाआधी हिनं काढलेलं हाय. तीस वर्षं झाली, येईल त्याला दाखवायलोय मी."

रामप्रसादला सुमंगलाबाईंनी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्थळ गेलं, अब्रूही गेली. अथर्व छताकडं बघत होता. ईश्वरीनं मान वर केली.

"काका, खरं सांगू का," ती शांतपणे म्हणाली, "हे चित्र आमच्या दोघींपैकी..."

"मुलगी पसंत आहे," केशरबाई म्हणाल्या.