पदकाची बाजू

दुसऱ्यांच्या कोटांना बटणं लावण्यात जन्म गेलेल्या आईने त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या छातीवर काहीतरी लावलं होतं. लढाईत गेलेल्या मुलाचं पदक. स्मृतिदिनाच्या सभागृहात पहिल्या रांगेत तिच्या शेजारी निवृत्त कर्नलसाहेब येऊन बसले. त्यांच्या कोटावरही त्याच लढाईचं, अगदी तसंच पदक होतं. तिच्याकडे नजर जाताच ते मायेने म्हणाले,

"मावशी, बाजू चुकली तुमची. जो स्वतः लढला त्यानंच पदक डावीकडे लावायचं. मागे राहिलेल्या घरच्यांनी उजवीकडे. रीतच आहे तशी."

"अगंबाई! मला मेलीला कुठलं ठाऊक," म्हणत आई ओशाळली. तिने पिन काढून पदक उजवीकडे लावलं. मग जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "साहेब, तेव्हा टेकडीवर माझ्या पोराबरोबर होतात का तुम्ही?"

"वर नव्हतो. मी खाली छावणीत, वायरलेसवर." कर्नलसाहेबांची मान ताठ झाली. "पण एकानंही माघारी फिरायचं नाही, हा हुकूम माझाच. आणि सांगतो मावशी, एकही फिरला नाही."

"हो ना. नाही फिरला," आई म्हणाली.

बिगूल वाजला तसं सगळं सभागृह उठून उभं राहिलं. आई साहेबांच्या समोर आली आणि सराईत बोटांनी तिने त्यांच्या कोटावरची पिन सोडवली.

"हलू नका साहेब, टोचेल. तुमचीही बाजू चुकलीय."