उजव्या हाताने

"डाव्याने दाबा हो, बाबा! टेम्पो येईल इतक्यात," बारकी म्हणाली.

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डाव्या हाताने उजवं मनगट उचललं, पुढच्या पट्टीवर नेऊन ठेवलं आणि थरथरत्या बोटाने पट्टी दाबली. जुन्या इलेक्ट्रिक पियानोतून एक गोल, भरदार सूर निघाला. दोघंही होती तशी बसून राहिली. सूर पार विरेपर्यंत हलायचं नाही, हा आजचा नियम होता.

कामच तसलं होतं. एकेक पट्टी वेगळी रेकॉर्ड करायची. आधी हळू, मग मध्यम, मग दणकून. सगळे सूर लॅपटॉपमध्ये नीट लावले, की बारकीने आपल्या स्वस्तातल्या कीबोर्डवर बोट ठेवलं तरी या पियानोचा सूर वाजणार होता. एरवी तो कीबोर्ड पत्र्याचा डबा बडवावा तसा वाजायचा. असले तयार आवाज विकत मिळतात, पण ते तिच्या ऐपतीबाहेरचे. फुकटातले होते नव्हते तेवढे तिने वाजवून पाहिले होते. पट्टी हळू दाबा की जोरात, तोच एक सूर, फक्त लहानमोठा. जीव म्हणून नाही. जिवंत आवाज घरातच होता, आणि तो आजच घराबाहेर जाणार होता.

पियानो ऑर्केस्ट्राच्या मालकाने विकत घेतला होता. त्याच्याच ऑर्केस्ट्रात बाबांनी उभी हयात हाच पियानो वाजवला. लकवा मारला, उजवा हात लुळा पडला, त्याला महिनाही उलटला नसेल, तोच मालकाने त्यांच्या जागी दुसरा वादक आणून बसवला. आता हे घर सोडून लहान खोलीत जायचं होतं आणि तिच्या दारातून पियानो आत शिरणं शक्य नव्हतं. बारकीला कार्यक्रमांतून वाजवायची कामं नुकती कुठे मिळू लागली होती. हा आवाज हाती लागला तर ती स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. नाही लागला, तर पत्र्याचा डबा होताच.

खिडक्यांना चादरी टांगल्या होत्या. पंखा बंद, फ्रीज बंद. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात ठेवलेलं. पियानोच्या जुन्या स्पीकरसमोर मैत्रिणीकडून मागून आणलेला माइक. आई जिन्यात पहाऱ्याला बसली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिने सकाळीच बजावलं होतं, "आज आदळआपट चालायची नाही. शिंक आली तर गच्चीवर जाऊन शिंका."

सगळं जागच्या जागी होतं, एक बाबा सोडून. त्यांचं बोट कधी घसरायचं, कधी पट्टीवर दोनदा आपटायचं. मग तोच सूर पुन्हा पहिल्यापासून. "मी दाबते ना," म्हणून बारकी पुढे सरकली, तर बाबांनी तिचा हात झटकला. डावा हात चांगला धडधाकट होता, पण तो फक्त उजव्याला उचलायच्या कामाचा.

"सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही," आई दारातून पुटपुटली.

"तू जिना सांभाळ," बाबा म्हणाले.

बारकीला खरोखरच राग आला. इथे पोरीच्या पोटावर पाय येतोय आणि या माणसाला हौस सुचतेय! पण बोलण्यात वेळ गेला असता, म्हणून तिने पुढच्या सुराचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

शेवटच्या पट्टीचा सूर विरला तेव्हा बाबांचा सदरा घामाने चिंब झाला होता. बारकीने पियानोची वायर भिंतीतल्या प्लगमधून काढली, घाईघाईने थोडे सूर लावले आणि कीबोर्डवर दोन ओळी वाजवून पाहिल्या. बाबांचा दाब कुठे कमी पडला होता, कुठे जास्त. त्यामुळे एक सूर दुसऱ्यासारखा नव्हता. तिचा तोच कीबोर्ड आज माणसासारखा बोलत होता. तिने मनातल्या मनात कान पकडले.

"वा, काय वाजतोय पियानो!" दारातून आवाज आला.

हमालांना घेऊन मालक आत आला होता. दोन पावलं टाकून तो थबकला. पियानोची वायर जमिनीवर पडली होती. त्याने कीबोर्डकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. या धंद्यात त्याचे केस पिकले होते, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "पियानो घेतला म्हणजे आवाजही घेतला. उद्या ही पोरगी माझ्याच ऑर्केस्ट्राचा आवाज घेऊन माझ्यासमोर उभी राहायची! पोरी, सगळे सूर पुसून टाक. माझ्या डोळ्यांदेखत. नाहीतर सौदा मोडला, मी रिकामा टेम्पो घेऊन चाललो."

आईचा चेहरा उतरला. बारकीने लॅपटॉप छातीशी धरला आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा खुर्चीतून उठले, कुणाचा आधार न घेता. उजवा हात डाव्याने उचलून त्यांनी मालकाच्या नाकासमोर धरला. तो अजून थरथरत होता.

"मालक, हे सगळे सूर या हाताने वाजवलेत. एकही डाव्याने नाही, एकही पोरीने नाही. मला काढलंत त्या दिवशी सगळ्या वादकांसमोर तुम्हीच म्हणालात ना, या हातातून आता सूर निघणं शक्य नाही? मग पुसायला सांगताय ते काय?"