ब्रेकबाईंची फिल्म

सभागृहामागच्या पार्किंगमध्ये, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, ब्रेकबाई आणि त्यांची धाकटी जाऊ एकाच मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या. आत वसाहतीच्या महिला मंडळातल्या बायका जमत होत्या. गाडी शिकायची अख्खी बॅच दोनपैकी कुठल्या स्कूलला द्यायची, हे त्या आज ठरवणार होत्या. त्याआधी दोन्ही स्कूलनी आपापली छोटीशी फिल्म दाखवायची होती. दुसऱ्या स्कूलचा मालक म्हणजे ब्रेकबाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने कॅमेरावाला बोलावून, ड्रोन उडवून चकाचक फिल्म केली होती. ब्रेकबाईंकडे होता जावेचा मोबाइल. आणि ही बॅच हातची गेली तर गाडी विकून टाकायची, असं घरात ठरून गेलेलं होतं.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्यावरून कधी हलत नसे, म्हणून हे नाव. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

जावेने सकाळीच एक शोध लावला होता. मोबाइलवर नुसतं वर्णन लिहायचं, एआय त्याचा व्हिडिओ करून देतं. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. मात्र फुकटवाल्यांना दिवसाला तीनच व्हिडिओ, तेही रांगेत थांबून, आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. शिक्का तर शिक्का, बाई म्हणाल्या, फुकटात आणखी काय कपाळ मिळणार.

मग त्यांनी वर्णन सांगितलं. वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या, तसंच सांगितलं. नवशिकी बाई गाडी चालवते आहे. ती रडत नाही. गाडी खांबावर आदळत नाही. मध्ये कुत्रा येत नाही.

व्हिडिओ आला. बाई ढसाढसा रडत होती. गाडी खांबाला चिकटली होती. आणि बॉनेटवर एक कुत्रा असा ऐसपैस बसला होता, की गाडी त्याच्याच नावावर असावी.

बाईंचं डोकं सणकलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रत्येक वाक्यात ‘अजिबात’ आणि ‘खबरदार’ घालून ठासून सांगितलं. या वेळी कुत्रे दोन आले.

जाऊ हसू दाबता दाबता लालबुंद झाली. बाई करवादल्या, की या मेल्या यंत्राला कानच नाहीत. जावेचं हसू एकदम थांबलं.

“कान आहेत, वहिनी. ते माझ्यासारखंच ऐकतंय,” ती म्हणाली. “तुम्ही ‘खांबाकडे बघू नकोस’ म्हणालात, की मला अख्ख्या रस्त्यात तेवढा खांबच दिसायचा. म्हणून सोडलं मी गाडी शिकणं. घरात सांगितलं, पाठ दुखते.”

बाईंना लागलं, चांगलंच लागलं. रोज शेजारी उभी राहून स्वयंपाक करणारी बाई, आणि एका शब्दाने कधी बोलली नाही. आतून माईक तपासल्याचा आवाज आला. व्हिडिओ एकच उरला होता.

बाईंनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. काय व्हायला नको, ते त्यांना झोपेतही पाठ होतं. काय व्हायला हवं, त्यासाठी मात्र डोळे मिटावे लागले. मग एका बोटाने, थांबत थांबत त्यांनी लिहिलं: एक बाई गाडी चालवते आहे. ओठ घट्ट मिटलेले. वळण येतं. ती सावकाश वळते. वळण पार झाल्यावर तिचे खांदे सैल होतात आणि ती स्वतःशीच हसते. पुढे मोकळा रस्ता, सकाळचं ऊन.

“हे असंच होतं?” जावेने हळूच विचारलं.

“प्रत्येकीचं होतं,” बाई म्हणाल्या. “तुझंही झालं असतं.”

आपला नंबर येईपर्यंत थांबा, असं मोबाइल सांगत राहिला. आत ड्रोनवाली फिल्म संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला, बाईंच्या स्कूलचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा कुठे व्हिडिओ आला. धड बघायलाही वेळ नव्हता. दोघी तशाच धावल्या.

मोठ्या पडद्यावर ती बाई वळली, तिचे खांदे सैल झाले, ती हसली, आणि फिल्म संपली. टाळ्या वाजल्याच नाहीत. मग कोणीतरी म्हणालं, परत लावा. परत लावली. कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. आणखी एकदा लावा, बायका म्हणाल्या.

तेव्हा बाईंना दिसलं, की गाडीत शेजारची सीट रिकामी आहे. स्वतःला लिहायचं त्या विसरूनच गेल्या होत्या. ड्रोनवाल्या विद्यार्थ्यालाही ते दिसलंच. त्याने गालातल्या गालात हसत विचारलं, की बाई, यात तुम्ही कुठे दिसत नाही?

“तिला यायला लागली गाडी,” बाई म्हणाल्या. “मी उतरले.”

जावेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलंही नाही. अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. दोन्ही फिल्म छानच आहेत, मंडळ विचार करून संध्याकाळपर्यंत निर्णय कळवेल, असं काहीबाही त्या बोलत होत्या.

त्यांचं बोलणं चालू असतानाच शेवटच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. पदर खोचत तरातरा पुढे आल्या आणि गाडीच्या किल्लीसाठी त्यांनी बाईंपुढे हात केला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. एक उठली, तिच्या शेजारची उठली, मग अख्खी रांगच उठली.

“तुम्ही कळवा हो सावकाश,” आजी अध्यक्षबाईंना म्हणाल्या. “मी तोवर एक चक्कर मारून येते.”